वकिलीचे शिक्षण : वर्गातले आणि कोर्टातले

(एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला, इतिहास)

बी. ए. झाल्यावर पुढे काय, या प्रश्नाला आमच्या वर्गात साधारणपणे तीन उत्तरे मिळतात. पहिले स्पर्धा परीक्षा, दुसरे बी. एड., आणि ही दोन्ही साधली नाहीत तर, "बघू, एलएल. बी. तरी करू." या 'तरी'मध्ये असा एक समज दडलेला आहे की, वकिलीची पदवी म्हणजे तीन वर्षे हजेरी लावून आणि गाइडे वाचून मिळणारी वस्तू, आणि ती हाती आली की माणूस वकील झाला. दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझाही समज याहून फारसा वेगळा नव्हता. पुढे घरातच एक दावा उभा राहिला आणि तो समज मोडला. त्या निमित्ताने वकील होण्यासाठी काय शिकावे लागते, ते कोठे शिकायला मिळते आणि कोठे मिळत नाही, याचा मी जो थोडाफार शोध घेतला, तो प्रस्तुत लेखात मांडत आहे. मी अद्याप कायद्याची विद्यार्थिनी झालेली नाही. तेव्हा जाणकार प्राध्यापकांनी हे एका उमेदवाराचे टिपण समजून वाचावे.

प्रथम तो दावा. शेताच्या बांधावरून शेजारच्या गटाच्या मालकांनी वडिलांवर तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. समन्स आले. वडिलांनी तोवर कोर्टाची पायरी चढलेली नव्हती. चौकशी करून त्यांनी एका तरुण वकिलांना वकीलपत्र दिले. माणूस सज्जन, फी बेताची. प्रत्येक तारखेला ते हजर असत आणि मुदतीचा अर्ज देत. वडील घरी येऊन "पुढची तारीख मिळाली" असे सांगत, ते जणू काही मिळवून आल्यासारखे. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत प्रतिवादीने आपली कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दाखल करायचे असते. न्यायालय कारणे नोंदवून ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. आमचे ९० दिवस मुदतीच्या अर्जांतच सरले आणि एके दिवशी दावा 'विना कैफियत' पुढे चालवण्याचा हुकूम झाला. समोरच्याचे म्हणणे कागदावर, आणि आमचे आमच्या तोंडात, अशी अवस्था झाली.

मग कोणाच्या तरी सांगण्यावरून वडील एका वयोवृद्ध वकिलांकडे गेले. त्यांनी विलंबाची कारणे देऊन हुकूम रद्द करण्याचा अर्ज केला. न्यायालयाने वडिलांवर खर्चाची रक्कम बसवली आणि कैफियत दाखल करून घेतली. ती रक्कम फार मोठी नव्हती, पण ते चार महिने आईला झोप नव्हती. पहिल्या वकिलांनी 'ना हरकत' सही करून देताना वडिलांना जे सांगितले ते मी समोर उभी राहून ऐकले आहे. ते म्हणाले, "काका, खरं सांगतो, कैफियत कशी लिहायची हे मला कोणी दाखवलंच नाही. कॉलेजात जर्नलमध्ये एक लिहिली होती. तीही आदल्या वर्षीच्या मुलाची बघून."

त्यांचा राग आला नाही असे नाही. परंतु घरी परतताना एस. टी.त मला राहून राहून वाटत होते की, या गृहस्थांकडे पदवी होती, सनद होती, परीक्षाही ते उत्तीर्ण झालेले होते. कायद्याने वकिलाकडून जे जे मागितले आहे ते सारे त्यांनी दिले होते. मग उणे राहिले ते काय?

कायदा काय मागतो ते आधी पाहू. आपल्या देशात वकिलीचे नियमन ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ या कायद्याने होते. त्यापूर्वी वकिलांमध्ये जातीव्यवस्थेसारखी उतरंड होती. बॅरिस्टर, ॲटर्नी, हायकोर्ट वकील, प्लीडर, मुखत्यार अशा निरनिराळ्या पायऱ्या होत्या आणि त्यांचे अधिकारही निरनिराळे होते. जिल्ह्याच्या कोर्टात चालणाऱ्या प्लीडरची परीक्षा वेगळी असे. अशा परीक्षांसाठी लोकमान्य टिळकांनी पुण्यात कायद्याचा वर्ग चालवला होता, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. १९६१ च्या कायद्याने 'ॲडव्होकेट' हा एकच वर्ग उभा केला. ज्येष्ठ ॲडव्होकेट ही त्यातलीच मानाची पायरी. मुंबई उच्च न्यायालयात मूळ शाखेवर ॲटर्नींची वेगळी व्यवस्था मात्र आणखी काही वर्षे टिकून होती; ती १९७६ च्या दुरुस्तीने गेली.

आज आपल्यासारख्याने वकील व्हायचे तर दोन वाटा आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम, किंवा कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांची एलएल. बी. पाच वर्षांच्या वाटेला खरी प्रतिष्ठा आली ती बंगलोरच्या नॅशनल लॉ स्कूलमुळे. ते १९८७ साली स्थापन झाले. आता महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत. आपण मंडळी त्या गाडीला चुकलेलो आहोत. आपल्यासाठी तीन वर्षांची वाट उरते. तिच्यासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते, आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे पदवीला किमान ४५ टक्के गुण लागतात. इतर मागासवर्गीयांना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. "पास झालो म्हणजे झाले" म्हणणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनी हा आकडा तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच पाहून ठेवावा.

पदवी झाली, वय २१ पूर्ण असले, की राज्याच्या बार कौन्सिलकडे नाव नोंदवायचे. यालाच आपण सनद घेणे म्हणतो. या नोंदणीची फी कायद्यात ७५० रुपये लिहिलेली आहे आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये. प्रत्यक्षात निरनिराळ्या राज्यांच्या कौन्सिली नाना नावांखाली हजारो रुपये घेत आल्या होत्या. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार यांच्या प्रकरणात निकाल दिला की, कायद्यात लिहिलेल्या रकमेहून अधिक फी घेता येणार नाही. धंद्याच्या दारातच गरीब मुलाला अडवणारी ही गोष्ट दुरुस्त व्हायला ६३ वर्षे लागली, आणि तीही वकिलांच्याच संस्थांविरुद्ध वकिलांनाच न्यायालयात जाऊन करून घ्यावी लागली, याची गंमत वाटते.

सनदेनंतर दोन वर्षांच्या आत अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. ही परीक्षा प्रथम २०११ साली झाली. बहुपर्यायी १०० प्रश्न असतात. कायद्याच्या मूळ संहिता, टिपणे नसलेल्या, सोबत नेता येतात. उत्तीर्ण होण्यास ४५ टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ४०. आता वाचकांनीच विचार करावा. चार पर्यायांतून एकावर खूण करणाऱ्या परीक्षेत कैफियत लिहिता येते की नाही हे कसे कळणार? आमच्या त्या तरुण वकिलांना कैफियतीची मुदत किती दिवसांची, असा प्रश्न आला असता तर त्यांनी ३० या आकड्यावर बिनचूक खूण केली असती. किंबहुना केलीही असेल.

मग हाताने करण्याचे शिक्षण अभ्यासक्रमात नाहीच काय? कागदावर आहे आणि पुरेसे आहे. २००८ च्या नियमांनी चार प्रात्यक्षिक विषय सक्तीचे केले आहेत. एकात दावा, कैफियत, अर्ज, खरेदीखत, मृत्युपत्र असे मसुदे लिहायचे. दुसऱ्यात वकिलीची नीती शिकायची. तिसऱ्यात तडजोड, लवाद, मध्यस्थी. चौथ्यात अभिरूप न्यायालयात उभे राहून बोलायचे, एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष पाहून त्याची नोंदवही लिहायची, आणि वकिलाच्या कचेरीत अशील आपली हकीकत सांगतो तेव्हा बाजूला बसून ऐकायचे. शिवाय तीन वर्षांत किमान १२ आठवडे कोठेतरी उमेदवारी, म्हणजे इंटर्नशिप. हे सारे मनापासून झाले तर आणखी काय हवे! परंतु ज्या ज्या विधी विद्यार्थ्यांशी मी बोलले त्यांपैकी बहुतेकांनी हसून एकच सांगितले की जर्नले 'उतरवली' जातात, आणि उमेदवारीचा दाखला ओळखीच्या वकिलाकडून मिळतो. आपणही पर्यावरणाचे प्रकल्प असेच केले, तेव्हा त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला फारसा नाही. फरक एवढाच की, माझ्या प्रकल्पावर कोणाचा बांध अवलंबून नव्हता.

येथे एक इतिहास सांगण्यासारखा आहे, कारण तो फारसा कोणी सांगत नाही. १९६१ च्या मूळ कायद्यात पदवीनंतर प्रशिक्षण घेऊन परीक्षा देण्याची अट होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली आणि पदवी मिळाली की सनद, असा सरळ मार्ग झाला. वीस-बावीस वर्षांनी बार कौन्सिलला आपली चूक जाणवली असावी. तिने १९९५ साली नियम केले की, नव्या पदवीधराने एखाद्या अनुभवी वकिलाच्या हाताखाली एक वर्ष काढल्याखेरीज त्याला सनद नाही. हे नियम न्यायालयात आव्हानित झाले आणि १९९९ मध्ये व्ही. सुधीर यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. प्रशिक्षण वाईट, असे न्यायालयाने म्हटले नव्हते. संसदेने जी अट कायद्यातून काढली ती नियम करून परत घालण्याचा अधिकार कौन्सिलला नाही, एवढेच म्हटले होते. त्यानंतर प्रशिक्षणाच्या जागी आली ती वर सांगितलेली परीक्षा. तिलाही आव्हान मिळाले. १० फेब्रुवारी २०२३ रोजी घटनापीठाने परीक्षा वैध ठरवली आणि १९९९ च्या निकालातील कायद्याची मांडणी बरोबर नव्हती असेही सांगितले. म्हणजे एक मोठा अडसर बाजूला झाला. प्रशिक्षणाचे वर्ष मात्र परत आलेले नाही.

इतर देशांत काय करतात? इंग्लंडात बॅरिस्टरला अभ्यासक्रमानंतर 'प्यूपिलेज' नावाची उमेदवारी करावी लागते. ती वर्षभराची असते. पहिले सहा महिने बरोबर राहून पाहायचे, दुसऱ्या सहा महिन्यांत देखरेखीखाली स्वतः उभे राहायचे. आणि या काळात ठरावीक किमान वेतन देणे बंधनकारक आहे. जर्मनीत पहिल्या राज्य परीक्षेनंतर दोन वर्षे न्यायालय, सरकारी वकिलाची कचेरी, प्रशासन आणि वकिलाचे कार्यालय यांत फिरून काम करायचे, सरकार त्याचा भत्ता देते, आणि मग दुसरी परीक्षा. दोन्हीकडे उमेदवारीच्या काळात पोट कसे भरावे याची सोय लावलेली आहे.

इंग्लंडची पद्धत पूर्वी मात्र अशी नव्हती, आणि याचा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार आपल्याला परिचित आहे. महात्मा गांधी लंडनच्या इनर टेंपलमधून बॅरिस्टर झाले. त्या काळी परीक्षांइतकेच महत्त्व तेथे ठरावीक संख्येने भोजने घेण्याला होते. १० जून १८९१ ला ते बॅरिस्टर झाले, ११ ला त्यांनी नाव नोंदवले आणि १२ ला ते बोटीत बसले. मुंबईत स्मॉल कॉज कोर्टात पहिला खटला आला. प्रतिवादीची बाजू होती, वादीच्या साक्षीदारांची उलटतपासणी करायची होती. गांधीजी उभे राहिले आणि त्यांना एकही प्रश्न सुचेना. डोके गरगरू लागले. ३० रुपये फी परत करून ते कोर्टातून निघून गेले. आत्मचरित्रात त्यांनी हे लपवलेले नाही. पुढे दक्षिण आफ्रिकेत दादा अब्दुल्ला यांच्या खटल्यात त्यांनी हिशेब कळावेत म्हणून जमाखर्चाचे पुस्तक आणून वाचले, सारी कागदपत्रे पुन्हा पुन्हा तपासली, आणि खटल्यातील वस्तुस्थिती किती मोलाची असते हे त्यांना तेथे उमगले. जो धडा इनर टेंपलच्या भोजनगृहात मिळाला नाही तो प्रिटोरियात मिळाला. आमचे तरुण वकील आणि गांधीजी यांची तुलना करण्याचा माझा उद्देश नाही. दोघांनाही 'दाखवणारे' कोणी भेटले नव्हते, एवढेच म्हणायचे आहे.

हे दाखवणे म्हणजे नेमके काय, ते मी गेल्या वर्षभरात वडिलांबरोबर वकीलसाहेबांच्या कचेरीत जाऊन पाहिले. (आमच्या वृद्ध वकिलांना मी पुढे वकीलसाहेब असेच म्हणेन.) पहिल्या दिवशी त्यांनी वडिलांना सर्व हकीकत सांगायला लावली आणि एक अक्षर लिहिले नाही. दुसऱ्या दिवशी तीच हकीकत पुन्हा. तिसऱ्यांदा सांगताना वडील वैतागले, पण त्या खेपेस त्यांच्या तोंडून आले की, १९९८ साली दोन्ही शेतांची मोजणी झाली होती. ही गोष्ट आधीच्या दोन खेपांना त्यांना आठवलीच नव्हती. मग वकीलसाहेबांनी एका फुलस्केप कागदावर तारखांचा तक्ता केला. डावीकडे तारीख, मध्ये घटना, उजवीकडे तिचा पुरावा. जेथे उजवी बाजू रिकामी राहिली तेथे लाल खूण. वडिलांना सांगितले, "या लाल खुणा म्हणजे तुमची धावपळ."

त्यानंतर ते एका रविवारी शेतावर आले. वयाच्या सत्तरीत, काठी टेकत बांधावरून चालले. मला हे अनावश्यक वाटले होते. पण परतताना ते म्हणाले की, दाव्यासोबत जोडलेल्या हातनकाशात विहीर बांधाच्या ज्या बाजूला दाखवली आहे त्या बाजूला ती नाही. बांध डोळ्यांनी पाहिल्यावाचून हे कोणत्या पुस्तकात सापडले असते?

कैफियत लिहिण्याची रीत तर मला एखाद्या इतिहासाच्या टीकालेखनासारखीच वाटली. दाव्यातील प्रत्येक परिच्छेद घ्यायचा आणि त्यातील प्रत्येक विधानाला कबूल, नाकबूल किंवा माहीत नाही असे वेगवेगळे उत्तर द्यायचे. जे विधान स्पष्टपणे नाकारले नाही ते मान्य केले असे धरले जाऊ शकते, हा संहितेचा नियम आहे. नवशिके याला घाबरून "दाव्यातील सर्व मजकूर खोटा, लबाडीचा व खोडसाळपणाचा असून तो नाकबूल आहे" असे एक ठोकळेबाज वाक्य टाकून मोकळे होतात. वकीलसाहेब म्हणाले, "वादीच्या नावावर त्याचा गट आहे, हे सातबाऱ्यावर दिसतंय. ते खरं आहे. खरं असलेलं नाकारलंस तर तुझ्या खऱ्या नकारावरही कोणी विश्वास ठेवणार नाही." आमच्या कैफियतीत पहिले तीन परिच्छेद सरळ कबूल आहेत. वडिलांना ते वाचून धक्का बसला होता. वकील आपला की त्यांचा, असे त्यांनी मला हळूच विचारलेही.

निशाणी ५ म्हणजे काय हे मला तेथेच कळले. दिवाणी दाव्यात दावा हा निशाणी १ असतो आणि तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज बहुधा निशाणी ५ वर येतो, म्हणून कोर्टाच्या आवारात "पाचचं काय झालं?" एवढे विचारले की सर्वांना कळते. ही भाषा कोणत्याही गाइडात नाही. पुकारा झाला की कोठे उभे राहायचे, शिरस्तेदाराकडून रोजनामा कसा पाहायचा, नकलेचा अर्ज केव्हा द्यायचा, समोरच्या वकिलाशी भांडण न करता तारीख कशी ठरवायची, हे सारे वर्षानुवर्षे एका पिढीकडून दुसरीकडे तोंडी येत राहिले आहे. ज्याचे वडील किंवा मामा वकील, त्याला हे जेवणाच्या पानावर मिळते. ज्याच्या घरात कोणी नाही, तो ते अशिलाच्या खर्चाने शिकतो. आमच्या बाबतीत तो अशील म्हणजे माझे वडील होते.

तर मग प्रत्येकाने ज्येष्ठ वकिलाकडे दोन-तीन वर्षे ज्युनियर म्हणून राहावे, हा उपाय सर्वांनाच ठाऊक आहे. अडचण पैशाची आहे. तालुक्याच्या ठिकाणी ज्युनियरला बहुधा काही मिळत नाही. सीनियर चहा पाजतात, क्वचित प्रवासखर्च देतात. आणि बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिली करणाऱ्याला पूर्ण वेळची पगारी नोकरी करता येत नाही. हा नियम स्वतंत्र वृत्तीसाठी योग्यच आहे; पण विनावेतन उमेदवारी आणि नोकरीला बंदी या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की वाट फक्त खात्यापित्या घरच्यांसाठी उरते. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये सुचवले की, ज्युनियरला शहरात दरमहा किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये द्यावेत. ही सूचना आहे, सक्ती नाही. आणि खरे सांगायचे तर आमच्या तालुक्यात असे कितीतरी सीनियर आहेत ज्यांना स्वतःलाच तेवढे नियमाने सुटत नसतील. वकीलसाहेबांना मी हे विचारले तेव्हा त्यांनी चष्मा पुसत विषय बदलला.

ही अडचण नवी नाही आणि ती मोठमोठ्यांना चुकलेली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेऊन, ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन, १९२३ साली मुंबईत वकिली करू लागले. तरी पोटासाठी त्यांना बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवावा लागला. पुढे १९३५ साली ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. वकिलाने फावल्या वेळात कायदा शिकवण्यास आजही मुभा आहे; १९७९ च्या नियमांप्रमाणे दिवसाला तीन तासांपर्यंत.

मुलींच्या वाटेत तर पैशाआधीच दार बंद होते. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म आपल्याच नाशिकचा, १८६६ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ साली तेथे कायद्याची परीक्षा दिली; पदवी मात्र स्त्री म्हणून त्यांना त्या वेळी मिळाली नाही. परत येऊन त्यांनी येथल्याही परीक्षा दिल्या. तरी सनद नाही. स्त्रियांना वकिली करण्यास अडसर नाही असा कायदा व्हायला १९२३ साल उजाडावे लागले. म्हणजे परीक्षा देऊनही त्यांची तीस वर्षे वाट पाहण्यात आणि इतर कामांत गेली. आमच्या तालुका कोर्टाच्या बाररूममध्ये आज सात-आठ स्त्री वकील बसतात. त्यांच्यासाठी वेगळे स्वच्छतागृह असावे, हा मात्र तेथे अजून चर्चेचा विषय आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याला या व्यवसायात कमीपणा वाटण्याचे कारण नाही, असे मला आता वाटू लागले आहे. राज्यशास्त्रात आपण राज्यघटना वाचतो. मराठीच्या तासाला सारांशलेखन करतो; महाराष्ट्रातील दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी असल्याने स्वच्छ मराठी मसुद्याला तेथे मोल आहे. उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते, म्हणून इंग्रजीवाचून सुटका नाही, हेही खरे. इतिहासाचा उपयोग तर मला प्रत्यक्षच आला. आईने ट्रंकेतून काढलेल्या जुन्या कागदांत पणजोबांच्या वेळचे एक वाटणीपत्र निघाले. ते मोडीत होते. कचेरीत कोणालाही वाचता येईना. मी आमच्या विभागाच्या मोडी वर्गात जे काही शिकले होते त्याच्या बळावर दोन संध्याकाळी बसून ते लावले. बांधाची खूण म्हणून त्यात एका चिंचेचा उल्लेख आहे. माझ्या वाचनाला न्यायालयात किंमत नाही. त्यासाठी अधिकृत लिप्यंतरकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे लागले. पण लिप्यंतर करण्याजोगा कागद कोणता, हे तरी कळले. तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ठिकाणच्या ताब्यातून पुढे आला तर त्याच्या खरेपणाविषयी न्यायालय अनुकूल गृहीत धरू शकते, हे वकीलसाहेबांनी तेव्हाच सांगितले. हा नियम जुन्या पुरावा कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे.

त्या बदलाविषयी जाता जाता एक सांगायला हवे. त्या एका दिवशी भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा हे तिन्ही गेले आणि नवे तीन आले. चाळीस वर्षे कलमांचे आकडे तोंडपाठ असलेले वकीलसाहेब आता कोष्टक जवळ ठेवतात. तेव्हा विद्यार्थिदशा संपते असे या धंद्यात तरी दिसत नाही.

न्यायाधीश होऊ इच्छिणाऱ्या मित्रांसाठी आणखी एक. पदवीनंतर लगेच कनिष्ठ स्तर न्यायाधीशाची परीक्षा देण्याची मुभा २००२ पासून होती. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की, या पदासाठी तीन वर्षांची वकिली हवी. कोर्टात कधी उभेच न राहिलेला माणूस एकदम न्यायासनावर बसला तर अडचणी येतात, असे त्यामागचे कारण आहे. मला या निकालात आमच्याच बांधाची गोष्ट दिसते. अनुभवाची तीन वर्षे न्यायाधीशासाठी सक्तीची; वकिलाला मात्र पहिल्याच दिवशी कोणाचेही शेत हाती घेता येते. आणि ही तीन वर्षे काढायची कशाच्या जोरावर, हा प्रश्न दोघांनाही सारखाच. सक्तीची उमेदवारी आणावी, पण भत्त्याशिवाय आणू नये, असे माझे मत आहे. १९९५ च्या नियमांत ही दुसरी बाजू नव्हती. ज्येष्ठ वकिलांचा निधी, शासन किंवा बार कौन्सिल यांपैकी कोणी तो भार उचलावा हे ठरवणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे.

आमचा दावा अजून चालू आहे. मोजणीसाठी कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज दिला आहे, वादीची उलटतपासणी व्हायची आहे. मध्यंतरी कोर्टाच्या आवारात ते पहिले तरुण वकील भेटले. आता ते दुपारनंतर एका सीनियरकडे बसतात असे कळले. वडिलांना त्यांनी चहाला नेले आणि वडील गेलेही.

मी सीईटीचा अर्ज भरला आहे. वकीलसाहेबांना तसे सांगितले तेव्हा त्यांनी कौतुक वगैरे काही केले नाही. "मे महिन्यात कोर्टाला सुट्टी असते, तेव्हा ये," एवढेच म्हणाले. "जुनी दप्तरं लावायची आहेत. निकाल लागलेल्या दाव्यांच्या कैफियती वाचून काढ. हरलेल्या आधी." घरी येऊन आईला सांगितले. डबा किती वाजता लागेल, असे तिने विचारले.